प्रौढांसाठी लेखन कार्यशाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावातल्या आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वर्षातून दोन लेखन कार्यशाळा होतात. एक पावसाळ्यात, दुसरी संक्रांतीनंतर. दोन्ही मोठ्या माणसांसाठी आहेत. अठरा वर्षांपुढचं कुणीही येऊ शकतं. शहरातले लोक येतात, तसे भुसावळहून रेल्वेने आणि यावल, चोपडा, एरंडोलहून एसटीने येणारेही असतात. नाव नोंदवण्याआधी काउंटरवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न दोन ओळींत सुटणारे नाहीत.

मी आजवर काहीच लिहिलेलं नाही. आलो तर चालेल का?

जरूर या. आमच्याकडे येणारे बहुतेक जण असेच असतात. लेखन कार्यशाळा म्हणजे निवृत्त शिक्षक आणि प्राध्यापकांचा मेळावा असा समज आहे. इथे मात्र रेल्वेतले, बँकेतले, दवाखान्यात नर्स असलेले, किराणा दुकान चालवणारे, केळीची शेती करणारे असे सगळे एका सतरंजीवर बसतात. आधीचं छापून आलेलं काही आम्ही मागत नाही. फक्त अर्धं पान लिहून आणायला सांगतो: तुम्ही नेहमी करता असं एक काम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

केळीचा घड उतरवणं घ्या. कोयता कुणाच्या हातात असतो, खांदा कोण देतो, चीक अंगावर पडू नये म्हणून कोणता सदरा घालायचा, घड खाली ठेवताना पाला कसा अंथरायचा. ज्याने हे केलंय त्याला ही माहिती वाटते, पण वाचणाऱ्याला त्यात माणसं दिसतात. हे अर्धं पान निवडीसाठी नाही. पहिल्या दिवशीचं काम त्याच्यापासून सुरू होतं, एवढंच.

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालंय. लिहायला फार वेळ लागतो.

हे आपल्या जिल्ह्यात तरी कुणी अडचण म्हणून सांगू नये. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) इथल्याच. आसोदा माहेर, जळगाव सासर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर त्या जे रचून म्हणत, ते मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवलं. पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. तो कागद कुणी धरला नसता तर आज आपल्याकडे काय उरलं असतं, याचा विचार आम्ही नेहमी करतो.

म्हणून प्रत्येक तुकडीत एक-दोन जण लेखनिक म्हणून बसतात. तुम्ही बोला, ते लिहितील. त्यांना एकच सक्त सूचना असते: वाक्य जसं सांगितलं तसंच उतरवायचं, ते नीटनेटकं करायचं नाही. मग लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवलं जातं आणि कुठे बदल हवा ते तुम्ही सांगता. लेखक तुम्हीच.

आमच्या घरी लेवा गणबोली (किंवा अहिराणी, तावडी, पावरी) बोलतात. प्रमाण मराठीतच लिहावं लागेल का?

नाही. आणि या उत्तरावर आम्हाला जरा थांबायचं आहे, कारण आमच्याकडे येणारं चांगलं लिखाण बहुधा याच प्रश्नापाशी अडकलेलं असतं.

शाळेत बोलीतलं वाक्य लिहिलं की खाली लाल रेघ यायची. ती सवय पन्नाशीतही हात सोडत नाही. माणूस आईबद्दल सांगतो तेव्हा डोळ्यांपुढे वावर, निंदणी, चूल उभी राहते. तोच माणूस लिहायला बसला की 'माझी आई अत्यंत कष्टाळू व प्रेमळ होती' असं लिहितो. आई त्या वाक्यात नाही. ती ज्या भाषेत रागवायची त्या भाषेत ती सापडते.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. सगळंच बोलीत लिहा. ते धाडसाचं काम आहे, पण ज्याची बोली जिवंत आहे त्याला जमतं. किंवा निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवाद बोलीत लिहा. ही वाट सर्वांत मळलेली आहे. तिसरी वाट आम्हाला मनापासून आवडते: वाक्याची घडण प्रमाण मराठीची, पण नावं आणि क्रियापदं घरची. 'पिलबाग' ला 'केळीचे दुसरे पीक' म्हणू नका. 'आंडोर' लिहायचं तर कंसात 'मुलगा' लिहू नका. पुढच्या-मागच्या वाक्यांतून अर्थ कळेल अशी जागा तयार करा. पुण्या-मुंबईच्या वाचकालाही कळतं, त्याला तेवढं श्रेय द्या.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. बोलीच्या लेखनाचे ठरलेले नियम नाहीत, म्हणून एक शब्द एका प्रकारे लिहायचं ठरवलं की शेवटपर्यंत तसाच लिहा. आणि बोली फक्त गड्याच्या, मोलकरणीच्या किंवा हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी घालायची ही खोड मोडा. आपल्याच माणसांना आपण दुय्यम ठरवतो आहोत हे त्यात लक्षातही येत नाही.

शुद्धलेखन कच्चं आहे.

पहिल्या खर्ड्यात त्याकडे बघूही नका. शेवटच्या दोन सत्रांत साहित्य महामंडळाचे १८ नियम आपण एकत्र वाचतो आणि प्रत्येक जण आपापला मजकूर तपासतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करता येतात, निष्प्राण वाक्याचं तसं नाही, म्हणून आधी त्याच्यावर काम.

लेखन शिकवता येतं का? ते उपजतच असावं लागतं ना?

गाणं उपजत असतं असं म्हणूनही आपण वर्षानुवर्षं रियाज करायला लावतो. लिहिण्याच्या बाबतीत मात्र रियाज हा शब्द कुणी काढत नाही. ओढ शिकवता येत नाही, हे खरं. ती घेऊनच तुम्ही येता, नाहीतर रविवारची दुपार इथे घालवली नसती. बाकी पुष्कळ शिकता येतं: काय पाहायचं, कुठून सुरू करायचं, काय गाळायचं, आणि लिहिलेलं पुन्हा कसं लिहायचं.

'बाबा फार कडक होते' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक तुकडीत येतं. त्यावर आम्ही प्रश्न विचारत जातो. ते घरी येताना कशावरून कळायचं? सायकलच्या आवाजावरून? तेव्हा रेडिओ कोण बंद करायचं? आई कुठे असायची? ताट वाढताना कुणी बोलायचं का? उत्तरं देता देता लिहिणाऱ्याला आठवतं की रेडिओ बाबांनीच आणला होता, पहिल्या पगारातून. आता 'कडक' हा शब्द पुरत नाही आणि तो काढून टाकावा लागतो. पुनर्लेखन म्हणतात ते हेच. कार्यशाळेचा अर्ध्याहून जास्त वेळ आम्ही यावर घालवतो.

एका सत्रात नेमकं काय होतं?

दुपारी तीन ते साडेपाच, ओळीने दहा रविवार. सुरुवातीला एखादं छोटं लिखाण मोठ्याने वाचतो, बहुतेकदा वाचनालयाच्या कपाटातलंच. त्यावर थोडं बोलणं. मग वीस मिनिटं सगळे गप्प बसून लिहितात, मार्गदर्शकसुद्धा. चहा. त्यानंतर तिघांचं आधी लिहून आणलेलं वाचन आणि त्यावर चर्चा. भाषणं नाहीत, सत्कार नाहीत, शाल-श्रीफळ नाही.

तुकडी पंधरा जणांची. त्याहून मोठी केली तर प्रत्येकाचं वाचून होत नाही. जागा संपली की नाव पुढच्या तुकडीत धरतो.

सगळ्यांसमोर वाचावंच लागतं का?

पहिल्या दोन रविवारी नाही. नंतर निदान एकदा वाचावं असा आग्रह असतो. आवाज फुटत नसेल तर शेजारचं कुणी तुमचं वाचेल. स्वतःचं लिखाण दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं की कुठे वाक्य लांबलंय, कुठे श्वास अडतोय, हे आपोआप कळतं, म्हणून हा मार्ग आम्ही धीट मंडळींनाही सुचवतो.

आणि कुणी वाईट बोललं तर?

ही भीती खरी आहे. चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा काही लिहून दाखवणारा माणूस एका टोमण्याने वही कायमची मिटवू शकतो. म्हणून चर्चेला शिस्त आहे आणि ती आम्ही पाळायला लावतो.

वाचून झाल्यावर लेखकाने दहा मिनिटं काहीच बोलायचं नाही. 'खरं तर मला असं म्हणायचं होतं' हेही नाही. ऐकणाऱ्यांनी आधी आपल्याला काय दिसलं ते सांगायचं. मग कुठे वाट चुकली ते. 'छान आहे' ला इथे बंदी आहे, कारण त्याचं लेखकाला काही करता येत नाही. 'विहिरीपाशी त्या दोघी बोलतात तिथे मला कळलं नाही की थोरली कोण' हे उपयोगाचं बोलणं. कथेतल्या 'मी' ला 'तुम्ही' म्हणायचं नाही, 'निवेदक' म्हणायचं. कुणी नवऱ्याने मारल्याचं लिहिलं, तर तिच्या संसाराबद्दल सल्ला देण्याची ही जागा नव्हे, लिखाणाबद्दल बोला. चर्चा झाल्यावर तिला बोलावंसं वाटलं तर चहाच्या वेळी आपण आहोतच.

उच्चारावरून, जातीवरून, धर्मावरून, वयावरून शेरा मारला तर त्या माणसाला थांबवलं जातं, आणि पुन्हा तसंच झालं तर तुकडीतून जावं लागतं. याबाबतीत आम्ही कुणाची भीड ठेवत नाही.

मी फक्त कविता करतो. वेगळी तुकडी आहे का?

वेगळी तुकडी नाही, पण संक्रांतीनंतरच्या कार्यशाळेत चार रविवार कवितेचे असतात. ओवी, अभंग यांच्यापासून सुरुवात करतो, कारण ती लय आपल्या कानात आधीपासून आहे. मग अक्षरगणवृत्तं, मात्रावृत्तं, गझल, आणि मुक्तछंद. मुक्तछंद शेवटी ठेवला आहे. छंद हाताखालून गेला की तो सोडण्यात काय जबाबदारी आहे हे कळतं. इतर रविवारी कवींनीही गद्य लिहायचं. पहिल्यांदा कुरकुर होते, नंतर त्याचा कवितेला फायदा झाल्याचं तेच सांगतात.

आठवणी लिहायच्या आहेत, पण घरातले लोक दुखावतील. काय करू?

पहिला खर्डा खऱ्या नावांनी, काहीही न लपवता लिहा. तो कुणाला दाखवायचा नसतो. नावं आधीच बदलली की हात आपोआप घटनाही सौम्य करायला लागतो.

दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी विचार करा. गावात नाव बदलून ओळख लपत नाही. पाटलांच्या वाड्यामागे राहणारा, एका डोळ्याने अधू असलेला चुलता कोण हे सगळ्यांना कळतं. तेव्हा खरा प्रश्न हा की ती गोष्ट सांगायचा हक्क तुमचा आहे का. तुमच्यावर जे गुदरलं ते तुमचं आहे. बहिणीने तुम्हाला विश्वासाने सांगितलेलं तिचं आहे, आणि ती हयात असेल तर तिला विचारल्याशिवाय छापू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ऐकीव आरोप सत्य म्हणून छापला तर मानहानीचा दावाही होऊ शकतो.

आणखी एक. ज्याच्यावर राग आहे त्या माणसाची एक तरी चांगली गोष्ट लिहून बघा, ती शेवटी ठेवा किंवा काढा. ती लिहिता येत नाही तोवर तो माणूस कागदावर पुरता उतरलेला नसतो.

मी इथे येते हे घरी सांगायचं नाही. चालेल?

चालेल. नोंदणीसाठी दिलेला फोन नंबर तुम्ही सांगाल त्याच वेळी वापरला जाईल, समाजमाध्यमांवर तुमचा फोटो जाणार नाही, वही ठेवायला इथे कुलपाचं कपाट आहे. फलटणच्या बेबी कांबळे यांनी आपलं आत्मकथन वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून लिहिलं आणि लपवून ठेवलं. १९८० च्या दशकात ते छापून आलं तेव्हा मराठीत दलित स्त्रीच्या आयुष्याचं एक नवं दालन उघडलं. कुणाला लपून लिहावं लागू नये, हे खरंच. पण लागतंय तोवर ते कपाट तुमच्यासाठी आहे.

वहीतच लिहायचं का? मोबाईल, लॅपटॉप?

सत्रात वही, घरी जे जमेल ते. टाइप करायचं तर युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की अक्षरांचा चिवडा होतो आणि संपादक तो वाचू शकत नाही. मोबाईलवर बोलून टाइप करण्याची सोय वयस्कर मंडळींना फार उपयोगी पडते, फक्त बोलीतले शब्द ते यंत्र परस्पर बदलतं. ते परत नीट करा.

एआयकडून लिहून घेतलं तर?

या कार्यशाळेत नको. टायपिंग, शोधाशोध यासाठी काय वापरता तो तुमचा प्रश्न. पण चर्चेत जेव्हा कुणी विचारतं, 'तिने त्या दिवशी डबा उघडलाच नाही, का?', तेव्हा उत्तर तुमच्याकडे असावं लागतं.

माझी कविता कुणी चोरली तर?

भारतात लिहिल्या क्षणापासून तुमच्या लिखाणावर तुमचा हक्क असतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याखाली नोंदणी करता येते, पण ती सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हा हक्क टिकतो. व्हॉट्सॲपवर टाकलेल्या कवितेखालचं नाव दुसऱ्याच दिवशी गळतं हा सगळ्यांचाच अनुभव. म्हणून तारखेसह मूळ खर्डे जपून ठेवा आणि जी कविता अंकाला पाठवायची आहे ती आधी कुठेच टाकू नका. बरेच संपादक अप्रकाशितच मागतात.

पुस्तक केव्हा काढता येईल?

दहा रविवारांत पुस्तक होत नाही, आणि तशी घाई करू नये. हे आम्ही कळकळीने सांगतो, कारण घाईत निवृत्तीचे पैसे गमावलेली माणसं आमच्या काउंटरवर येऊन बसली आहेत. घरात पुस्तकांचे गठ्ठे पडलेले, वितरण शून्य, आणि लिखाण कुणी संपादित केलेलंच नाही.

प्रकाशक तुमच्याकडून पैसे मागत असेल तर ते आपोआप गैर ठरत नाही. मराठीत, विशेषतः कवितेच्या बाबतीत, ते सर्रास चालतं. पण पैसे देण्यापूर्वी लेखी उत्तरं घ्या. प्रती नेमक्या किती छापणार आणि त्यातल्या तुम्हाला किती? मुद्रितशोधन कोण करणार? उरलेल्या प्रती कुठे राहणार? विक्रीचा हिशेब कधी? हक्क तुमच्याकडेच राहणार ना? आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, वेगळी रक्कम सांगितली तर सावध व्हा. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो आणि लेखक स्वतःही त्यासाठी अर्ज करू शकतो.

दुसरीही वाट आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. हस्तलिखित पाठवावं लागतं, तज्ज्ञ ते वाचतात, वेळ लागतो. तरीही मंडळाच्या नियमांचा कागद वाचून अर्ज करावा असं आम्ही सांगू. पहिला कवितासंग्रह निघाला की तो राज्य वाङ्मय पुरस्कारांना पाठवायला विसरू नका. पहिल्या काव्यसंग्रहासाठीचा पुरस्कार बहिणाबाईंच्याच नावाचा आहे.

त्याआधी लिखाण कुठे पाठवू?

दिवाळी अंकांना. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून नव्या मराठी लेखकाला हे दार उघडं आहे. साहित्य पावसाळ्यातच मागवलं जातं, दसऱ्याला पाठवून उपयोग नाही. आधी त्या अंकाचे दोन-तीन जुने अंक चाळा. आमच्याकडे ते बांधून ठेवले आहेत आणि बसून वाचायला सभासदत्व लागत नाही. एक कथा एका वेळी एकाच अंकाला पाठवा. उत्तर न येणं हेच पुष्कळदा उत्तर असतं. त्याने खचू नका, ती कथा पुन्हा वाचा आणि दुसरीकडे पाठवा.

शुल्क, प्रमाणपत्र?

शुल्क नाममात्र आहे. यंदाचा आकडा सूचना फलकावर लावलेला असतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मिळणारं अनुदान पगार, पुस्तकं आणि विजेतच संपतं. त्यामुळे चहा, झेरॉक्स आणि पाहुण्या लेखकाचा प्रवास एवढ्यापुरते पैसे घ्यावे लागतात. ज्याला तेही देणं अवघड आहे त्याने ग्रंथपालांना एकट्याने सांगावं. पावती सगळ्यांना सारखीच मिळते. प्रमाणपत्र देत नाही.

कार्यशाळा संपल्यावर पुढे काय?

प्रत्येक तुकडी एक हस्तलिखित काढते. अमळनेरला शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढत. कल्पना तिथूनच घेतली आहे. प्रत्येकाचं निदान एक लिखाण, स्वतःच्या अक्षरात किंवा लेखनिकाच्या. शिवून, पुठ्ठा लावून ते दाखल नोंदवहीत चढवलं जातं आणि इतर पुस्तकांसारखंच घरी नेता येतं. जुन्या तुकड्यांतले लोक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहाला जमतात. तिथे मार्गदर्शक नसतो, नियम तेच असतात.

पावसाळी तुकडीची नावनोंदणी मे महिन्यात सुरू होते. अर्धं पान लिहून काउंटरवर द्या, सोबत नाव आणि गाव. शेवटची एसटी लवकर असेल तर तसं त्याच कागदावर लिहा, म्हणजे तुमचं वाचन चहाच्या आधी ठेवता येईल.